डिस्चार्ज मिळाल्यावर गुडघ्याकडे कोण बघतं?

आत्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली त्याला आता सव्वा वर्ष होईल. पुण्याच्या दवाखान्यातून चौथ्या दिवशी तिला कराडला घरी आणलं, तेव्हा बरोबर एक वॉकर, औषधांची पिशवी, एक्स-रेचं भलंमोठं पाकीट आणि फोनमध्ये एक ॲप होतं. ॲप निघताना सिस्टरनेच टाकून दिलं होतं. "यात रोज भरत जा, डॉक्टरांना तिकडे दिसतं," एवढंच ती म्हणाली. सहाव्या रात्री साडेदहाच्या सुमारास आत्याची पोटरी टणक वाटायला लागली. ॲप विचारत होतं, इंग्रजीत, की आज वेदना दहापैकी किती. आत्याने सहा भरले. लगेच पडद्यावर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडाले आणि 'शाब्बास, आजची नोंद पूर्ण' अशा अर्थाचं काहीतरी झळकलं.

पोटरीत रक्ताची गुठळी वगैरे काही नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी झाल्यावर कळलं. पण ती रात्र आम्ही जागून काढली. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर फोन नक्की काय करू शकतो, कुठे हात टेकतो, आणि 'तिकडे दिसतं' म्हणतात ते तिकडे म्हणजे कुठे?

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. आपण 'वाटी बदलली' म्हणतो, पण बोटांनी हलवता येते ती पुढची वाटी बहुतेक वेळा जागेवरच राहते. फार तर तिला आतून प्लास्टिकचा तुकडा लावतात. बदलतो तो सांध्याचा पृष्ठभाग. मांडीच्या हाडाचं झिजलेलं टोक तासून त्यावर धातूची टोपी बसवतात, नडगीच्या हाडावर धातूची थाळी, आणि दोन्हींच्या मधे पॉलिथिलीन या प्लास्टिकची चकती. हे सगळं साधारण तास-दीड तासात आटोपतं. पुढचे तीन महिने जे काम चालतं ते मात्र सर्जनचं नसतं. ते पेशंटचं, घरच्यांचं आणि फिजिओचं असतं.

पूर्वी त्या कामातला बराचसा भाग दवाखान्यातच उरकायचा, कारण पेशंट तिथे दोन-दोन आठवडे असायचा. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी या पडून राहण्यालाच प्रश्न विचारला. वेदना नीट आवरली, उगाच उपाशी ठेवलं नाही आणि लवकर उभं केलं तर पेशंट लवकर सावरतो, असं त्यांनी आधी आतड्याच्या शस्त्रक्रियांमध्ये दाखवलं. मग तीच पद्धत सांध्यांकडे आली. आज गुडघ्याचा पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो आणि तीन-चार दिवसांत घरी जातो. हे चांगलंच झालं. पण सिस्टर दर काही तासांनी ताप, जखम, पोटरी, लघवी, गोळ्या बघायची, तसं बघणारं घरी कोणी नसतं. टाके काढायला जायचं ते साधारण दोन आठवड्यांनी. मधल्या या दहा-बारा दिवसांच्या पोकळीत फोन शिरला.

त्याला 'मोबाइल हेल्थ' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची व्याख्या सैलच आहे: मोबाइल फोन आणि इतर बिनतारी उपकरणं यांच्या आधाराने चालणारी कोणतीही आरोग्यसेवा. म्हणजे गोळीची आठवण करून देणारा साधा एसएमएस त्यात बसतो आणि गुडघ्याच्या आत बसवलेला सेन्सरही त्यातच बसतो.

आधीचे पंधरा दिवस

फोनचा सगळ्यात निर्विवाद उपयोग ऑपरेशनच्या आधी आहे. त्यात दिमाख काही नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. पहाटेच्या चहाचंच घ्या. भूल देण्याआधी पोट रिकामं लागतं, नाहीतर पोटातलं फुप्फुसात जाण्याची भीती असते. सर्वसाधारण नियम असा की हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी बंद, जड किंवा तेलकट जेवण त्याहून आधी, आणि नुसतं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. आता आपल्याकडे 'काही खाल्लं नाही ना?' या प्रश्नाला 'छे, फक्त अर्धा कप चहा' असं उत्तर येतं. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. त्या अर्ध्या कपापायी यादीतलं पहिलं ऑपरेशन दुपारवर जातं, किंवा रद्दच होतं. छापील कागदावर ही सूचना असतेच, पण तो कागद फाईलमध्ये असतो आणि फाईल बॅगेत. रात्री दहाला फोनवर 'आता दूध, चहा, बिस्किट बंद. पाणी पहाटे पाचपर्यंत चालेल' एवढा मेसेज मराठीत आला, की घरातला चहा करणारा माणूस थांबतो. ऑपरेशनची वेळ बदलली तर मेसेजमधली वेळही बदलते, जे कागदाला जमत नाही.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. आत्याने तपासणीत 'बीपीची एकच गोळी' सांगितली होती. दवाखान्याच्या कोऑर्डिनेटर बाईंनी घरातल्या सगळ्या पाकिटांचे फोटो मागवले, तेव्हा चार पाकिटं निघाली. शिवाय गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि पेशंटने ते महिनोन्‌महिने घेतलं असेल तर भूलतज्ज्ञाला ते ठाऊक असणं फार गरजेचं असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. त्यातल्या काही ऑपरेशनआधी थोडे दिवस थांबवाव्या लागतात. पण हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने त्या आपल्या मनाने बंद केल्या तर गुडघ्याऐवजी हृदयाचंच ऑपरेशन उभं राहील. कोणती, कधीपासून, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांना ठरवता यावं म्हणून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो पाठवायचा. याला मी तरी उत्तम तंत्रज्ञान म्हणते.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब सांगणारी एचबीए१सी ही तपासणी बघतात, आणि ती साधारण ८ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय बरेच सर्जन तारीख देत नाहीत, कारण साखर चढी असेल तर जखमेत जंतू धरण्याचा धोका वाढतो. रोजची साखर ॲपमध्ये भरली आणि ती पलीकडे कुणी वाचली, तर तारीख महिनाभर आधीच सावरता येते. पायाला झालेली साधी जखम, चिघळलेलं नख, लघवीची जळजळ, यांतलं काहीही ऑपरेशन पुढे ढकलू शकतं. तेही आधी कळवलेलं बरं.

आणि संडासाचा फोटो! फिजिओने व्हॉट्सॲपवर तो मागितला तेव्हा आत्या लाजली. पण त्या एका फोटोतून कमोड किती उंच आहे, उठताना धरायला काही आहे का, उंबरा केवढा, फरशी गुळगुळीत आहे का, हे सगळं त्याला बसल्या जागी कळलं. कमोडवर उंची वाढवणारी बैठक आणि भिंतीला दांडी, दोन्ही ऑपरेशनच्या आधीच बसली.

अपेक्षांचा विषयही याच पंधरा दिवसांतला. गुडघा बदललेल्या लोकांपैकी साधारण पाचातला एक नंतर पुरता समाधानी नसतो, असं परदेशातल्या पाहण्यांमध्ये वारंवार दिसलं आहे. ऑपरेशन नीट होऊनही माणूस नाराज राहतो, कारण त्याच्या मनातलं चित्र वेगळं असतं. आपल्याकडे ते चित्र बहुधा मांडी घालून पंगतीला बसण्याचं असतं. याला उत्तर गुडघा किती अंश वाकतो यावरून देता येतं.

फोनला गुडघ्याचा कोन कसा कळतो

फोन आडवा केला की पडद्यावरचं चित्र आडवं होतं. फोनला हे कळतं ते आतल्या ॲक्सेलरोमीटर नावाच्या चिपमुळे. तिच्यात सिलिकॉनचा, केसाहूनही बारीक स्प्रिंगांवर टांगलेला एक सूक्ष्म तुकडा असतो. फोन कलला की गुरुत्वाकर्षण त्या तुकड्याला वेगळ्या बाजूला ओढतं, तो किंचित सरकतो, त्या सरकण्याने चिपमधल्या विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत फरक पडतो आणि तो फरक मोजला जातो. थोडक्यात, फोनच्या पोटात एक ओळंबा आहे. गवंडी भिंत सरळ आहे का हे ज्याने बघतो, तोच.

आता उताणं झोपा आणि टाच गादीवरून घासत आपल्याकडे ओढून गुडघा वाकवा. फोन मांडीवर ठेवून तिचा कल बघा, मग नडगीवर ठेवून तिचा. दोन्ही कलांवरून मधला कोन निघतो. खुर्चीच्या कडेवर बसून तपासा: मांडी आडवी, नडगी सरळ खाली, उत्तर ९० आलं पाहिजे. बहुतेक फोनमध्ये पातळी मोजायची सोय असतेच, त्यामुळे यासाठी वेगळं ॲपही लागत नाही. फिजिओकडे हेच काम करायला गोनिओमीटर नावाची कंपासपेटीतल्या कोनमापकासारखी पट्टी असते. फोन नीट ठेवला तर त्याचं उत्तर तिच्यापासून थोड्याच अंशांनी हुकतं. सुजलेला पाय, जाड ड्रेसिंग किंवा मधे आलेली साडीची घडी मात्र सगळा हिशोब बिघडवते.

पट्ट्याने पायाला बांधायच्या सेन्सरमध्ये ओळंब्याबरोबर जायरोस्कोपही असतो. तो वळण्याचा वेग मोजतो. चालताना ओळंबा हेलकावे खातो, तिथे जायरोस्कोप कामाला येतो. पण त्याची चूक क्षणाक्षणाला साठत जाते, म्हणून तिला ओळंबा पुन्हा ताळ्यावर आणतो. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. तिसरा मार्ग कॅमेऱ्याचा. व्हिडिओत कमर, गुडघा आणि घोटा कुठे आहे हे संगणक ओळखतो आणि रेषा जोडून कोन काढतो. घट्ट पँट घातलेल्या तरुणावर हे छान चालतं. गाऊन नेसलेल्या आत्याच्या बाबतीत गुडघा नेमका कुठे आहे, हे त्याला नीट सापडत नव्हतं.

हा कोन कशासाठी? सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकावा लागतो. जिने चढायला-उतरायला ८०-९०. खुर्चीतून हात न टेकता उठायला ९० च्या थोडं वर. मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला १२० च्या पुढे. बदललेला गुडघा बहुतेकांना ११० ते १२० च्या आसपास देतो. म्हणजे खुर्ची, जिना, कमोड, एसटीची पायरी हे सगळं जमतं आणि पंगत अवघड जाते. जमली तरी नव्या चकतीवर ताण येतो, म्हणून बहुतेक डॉक्टर ती टाळायला सांगतात. हे आकडे ऑपरेशनच्या आधी कुणी समोर मांडले, तर नंतरची निम्मी नाराजी आटोक्यात येईल असं मला वाटतं.

वाकण्याइतकंच, कदाचित त्याहून जास्त, महत्त्व सरळ होण्याला आहे. घरी आल्यावर आम्ही प्रेमाने आत्याच्या गुडघ्याखाली उशी दिली. तिला बरं वाटलं. फिजिओने व्हिडिओ कॉलवर ते बघितलं आणि अक्षरशः ओरडला. गुडघा तसाच वाकलेला राहिला तर तो तसाच आखडायला लागतो आणि चालताना पाय लंगडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली. पहिल्या काही आठवड्यांत सांधा आखडला तर पुन्हा भूल देऊन तो वाकवून सोडवावा लागण्याची वेळ येते. म्हणून रोजचा आकडा लिहून ठेवण्यात अर्थ आहे. एका दिवसाच्या ८२ ला महत्त्व नाही. मात्र आठवडाभर तो ८२ वरच अडून बसला, तर ते फिजिओच्या नजरेला लगेच पडायला हवं.

पावलं मोजणारं घड्याळ आणि वॉकर

आत्याच्या मुलाने बंगळूरहून हौसेने मनगटी घड्याळ पाठवलं. दिवसभर ती घरात येरझारा घालायची आणि रात्री घड्याळ दाखवायचं ११२ पावलं. ती हिरमुसायची. कारण सोपं आहे. मनगटी घड्याळ पावलं थेट मोजत नाही, ते चालताना हलणाऱ्या हाताचा ठेका मोजतं. वॉकरवर हात घट्ट धरलेला असतो, तो हलतच नाही. शिवाय ऑपरेशननंतरची चाल मंद आणि पाय घासत टाकलेली असते, तीही घड्याळाला पाऊल वाटत नाही. घोट्याला बांधायचा सेन्सर इथे बराच बरा. नाहीतर घड्याळ काढून मोज्यात सरकवा. आम्ही तेच केलं आणि आत्या एका रात्रीत सातशे पावलांवर गेली.

ही गंमत सोडली तरी मुद्दा गंभीर आहे. घड्याळ एक गोष्ट मोजतं आणि तिच्यावरून दुसरीचा अंदाज बांधतं. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्ताच्या लाटा बघून नाडी सांगतो. ऑपरेशननंतर नाडी वाढलेली दिसली तर कारण दुखणं असेल, ताप असेल, पाणी कमी पडलं असेल, रक्त कमी झालं असेल, किंवा नुकताच मुलाचा फोन येऊन गेला असेल. वाढ घड्याळ दाखवतं. कारण शोधायला माणूस लागतो.

प्रश्नावलीचं तसंच आहे. बऱ्याच ॲपमध्ये 'ऑक्सफर्ड नी स्कोअर' असतो. १९९८ मध्ये ऑक्सफर्डला तयार झालेले हे बारा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ४८ पैकी. जितके जास्त तितका गुडघा चांगला. मोटारीत बसता-उतरता येतं का, जिना उतरता येतो का, घरची खरेदी स्वतः करता येते का, गुडघे टेकून परत उठता येतं का, गेल्या चार आठवड्यांत कसं होतं. ऑपरेशनआधी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने भरून घेतले की एक्स-रेला न कळणारं बरंच कळतं. पण भाकरी थापायला किती वेळ उभं राहता येतं, वारीत चार पावलं चालता येतील का, हे तो विचारत नाही. आत्याला नेमकं तेच हवं होतं.

जखमेचा फोटो

इथे मला सगळ्यात जास्त फायदा दिसला आणि सगळ्यात जास्त ढिसाळपणाही. टाक्यांच्या रेषेचा फोटो रोज एकाच वेळी, एकाच जागी, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढायचा. एक फोटो जवळून आणि एक पूर्ण गुडघा दिसेल असा, कारण सूज कळायला दोन्ही गुडघे शेजारी दिसावे लागतात. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत सगळंच लाल दिसतं. गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली गोऱ्या कातडीइतकी उठून दिसत नाही, ती जांभळट-काळसर वाटते. म्हणून रंगापेक्षा काही वेगळ्या गोष्टी शब्दांत लिहून पाठवाव्यात: जखमेतून पाणी येतंय का, ड्रेसिंग किती ओलं झालं, कडा गरम लागतात का, दुखणं कालच्यापेक्षा वाढलं का, ताप आहे का. गुडघ्याच्या आसपास थोडी ऊब आणि सूज काही आठवडे राहणारच, तेवढ्याने घाबरायचं नाही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही जखम पाझरत असेल तर मात्र फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नये. सरळ फोन करावा.

पोटरीत रक्ताची गुठळी होणं आणि ती सुटून फुप्फुसात जाणं हा या ऑपरेशननंतरचा खरा धोका. त्यासाठीच घोटे खाली-वर हलवायचा व्यायाम आणि रक्त पातळ ठेवणारं औषध देतात. घरी वापरायचं कोणतंही ॲप ती गुठळी बघू शकत नाही. ते फक्त विचारू शकतं. पोटरी एका बाजूला सुजली, टणक झाली, दाबली की दुखते, तर लगेच डॉक्टर. अचानक दम लागला, छातीत दुखलं, चक्कर आली तर ॲप उघडायचंच नाही, १०८ लावायचा.

मग याचा उपयोग सिद्ध झाला आहे का?

व्यायामाच्या बाबतीत, हो, बऱ्यापैकी. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये गुडघा बदललेल्या २०५ लोकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. निम्म्यांकडे फिजिओ घरी जायचा, निम्म्यांना तो व्हिडिओवरून व्यायाम द्यायचा. दोन्ही गटांचे गुडघे सारखेच सुधारले. अमेरिकेत ३०६ लोकांवरच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅमेरा पेशंटच्या हालचाली बघायचा आणि पडद्यावरची बाहुली व्यायाम करवून घ्यायची. तिथेही निकाल नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा कमी पडला नाही, आणि खर्च कमी आला.

हे वाचताना बाहुलीवरच नजर खिळते. पण क्वेबेकच्या पडद्यावर जिवंत फिजिओ होता, आणि अमेरिकेतल्या बाहुलीच्या मागेही फिजिओ दर आठवड्याला व्हिडिओवर पेशंटशी बोलत होता. बाहुलीला एकटं कुणी सोडलं नव्हतं. नुसतं ॲप टाकून द्यायचं आणि पलीकडे कुणी नाही, याची चाचणी ती नव्हे.

सेन्सर तर आता गुडघ्याच्या आतच पोचला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने झिमर बायोमेट आणि कॅनरी मेडिकल या कंपन्यांच्या 'पर्सोना आयक्यू' गुडघ्याला परवानगी दिली. नडगीच्या हाडात जाणाऱ्या दांड्यात बॅटरी आणि सेन्सर. पेशंट किती चालला, किती वेगाने, पाऊल केवढं पडलं, हे तो आतून नोंदवतो आणि घरात ठेवलेल्या यंत्राकडे पाठवतो. घोटा, मनगट, मोजे, कशाची भानगड नाही. पण त्याच उपकरणाच्या अधिकृत माहितीत असंही लिहिलं आहे की या आकड्यांचा उपचारात फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही आणि ते उपचाराचा निर्णय घेण्यासाठी नाहीत. मला हा प्रामाणिकपणा आवडला. माहितीपत्रकात तो जरा मोठ्या टायपात हवा होता, एवढंच.

'तिकडे' म्हणजे कुठे

आत्याचं ॲप कुणाचं आहे हे मी शोधलं, तर ते दवाखान्याचं नव्हतंच. इम्प्लांट, म्हणजे आत बसवायचा कृत्रिम सांधा, बनवणाऱ्या कंपनीचं होतं. यात चोरी काही नाही, जगभर अशी ॲप कंपन्याच देतात. पण गुडघा विकणाराच गुडघा कसा चाललाय हे विचारतो, तेव्हा ती नोंद कुठे साठते आणि कोण वाचतं, हे पेशंटने विचारायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपल्या संमतीला आणि ती मागे घेण्याला वजन दिलं आहे. आत्याची संमती सिस्टरने, तिच्याच अंगठ्याने, तीन सेकंदांत घेतली होती.

व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना विचारणं हे चोरटं काम नाही. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत फोन, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपसारखे चॅट हे सगळे मार्ग धरले आहेत. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, असं म्हणायचा अधिकार डॉक्टरांकडे आहे. त्याच तत्त्वांत असंही आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने पेशंटला सल्ला देऊ नये किंवा औषध लिहून देऊ नये. ती डॉक्टरला मदत करू शकते. ॲपमधला बोलका चौकोन, म्हणजे चॅटबॉट, 'गोळी दुप्पट घ्या' म्हणाला, तर ते नियमात बसत नाही.

पैशांचं थोडक्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला लगाम घातला, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ठरली. 'डिजिटल रिकव्हरी पॅकेज'ची किंमत अशी कुणी ठरवलेली नाही. बिलात ही ओळ दिसली तर त्यात फिजिओचे किती कॉल आहेत, हे मोजून घ्या.

शेवटी फोन कुणाचा, हाही प्रश्न आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता.  गुडघा बदलायची वेळ येते ती साठीच्या पुढे, त्या वयाच्या बायका तर या पाहणीत नाहीतच. बऱ्याच घरांत फोन मुलाचा, तो कामावर. सून वेदनेचा आकडा अंदाजाने भरते. आत्याच्या ॲपमध्ये पुढचे तीन आठवडे मीच भरत होते, पुण्याला परतल्यावर. एकदा तिची वेदना चार भरली आणि संध्याकाळी फोन केला, तेव्हा ती दुपारभर रडत होती असं कळलं.

आता डावा गुडघा आहे, पुढच्या महिन्यात, दुसऱ्या दवाखान्यात. या वेळी आत्या तयारीने गेली. ॲप मराठीत आहे का, फोटो कोण बघतं, किती तासांत उत्तर देतं, आणि रात्री फोन कुणी उचलतं, हे तिने कोऑर्डिनेटरला एका दमात विचारलं. त्या मुलीने एक नंबर कागदावर लिहून दिला आणि म्हणाली, "काकू, चोवीस तास चालू असतो." आत्याने मान हलवली, कागदाची घडी करून पाकिटात ठेवली. त्या रात्री साडेदहाला तिने तो नंबर लावला. तिसऱ्या रिंगला उचलला गेला. "कोण बोलतंय?" असं पलीकडून विचारल्यावर "काही नाही, चुकून लागला," म्हणून तिने फोन ठेवला आणि झोपायला गेली.